ओझे कोणी वाहावे?

माझ्या एका भाचीला यंदा वकिलीची सनद मिळाली. पूर्वी सनद हाती आली की नवा वकील प्रथम काळा कोट शिवायला टाकी, आणि मग कोणा निवृत्त वकिलाचे जुने पुस्तकांचे कपाट विकाऊ आहे काय, याची चौकशी करी. आता कायदे, निवाडे आणि पक्षकारांची कागदपत्रे एका चपट्या यंत्रात मावतात. त्यामुळे नव्या वकिलाची पहिली विवंचना लॅपटॉपची असते. भाची दोन यंत्रांची माहितीपत्रके घेऊन माझ्याकडे आली. एक यंत्र किलोभरापेक्षाही कमी वजनाचे, तेरा इंची पडद्याचे. दुसरे दोन किलोंच्या घरातले, सोळा इंची पडद्याचे. किमतीत म्हणण्यासारखा फरक नव्हता. "मामा, यांतले कोणते घेऊ? वाहायला सोपे ते, की वापरायला सोपे ते?" तिने विचारले.

वादाचा मुद्दा तिने दोन क्रियापदांत नेमका मांडला होता. मी मात्र त्या संध्याकाळी उत्तर दिले नाही. विचार करून सांगतो म्हणालो. एवढ्याशा खरेदीला विचार कसला, असे तिला वाटले असावे. पण या प्रश्नाशी माझा एक जुना हिशेब आहे, आणि तो मनाशी चुकता केल्यावाचून दुसऱ्याला सल्ला देण्याचा अधिकार मला पोचत नाही. आज तो हिशेब वाचकांपुढे मांडीत आहे.

हलकेपणाविषयी आपल्या भाषेचे मत मोठे संमिश्र आहे. मन हलके झाले म्हणजे बरे झाले. पण माणूस हलक्या कानाचा असला म्हणजे त्याच्यावर भिस्त ठेवू नये, आणि हलका माल कोणी घेऊ नये. ज्याच्या शब्दाला वजन आहे त्याला आपण मान देतो. पण तोच कोणाला जड झाला की त्याने उठून जावे अशी सर्वांची इच्छा असते. म्हणजे वजन हा स्वतः गुणही नव्हे आणि दोषही नव्हे. ते कोठे आहे आणि कोणावर आहे, यावर सारे अवलंबून. भाषेला जे कळते ते गिऱ्हाइकाला दुकानात कळत नाही, ही खरी अडचण आहे.

दुकानात काय घडते ते पाहा. विक्रेता हलके यंत्र आपल्या तळहातावर ठेवतो आणि आपण नकळत म्हणतो, 'अरे, हे तर काहीच नाही!' वजनाची साक्ष तत्क्षणी होते. तिला पुरावा लागत नाही. वापराची साक्ष मात्र त्या वेळी उपलब्ध नसते. कळांवर बोटे सहा तास चालल्यावर मनगटाला काय वाटेल, रात्री दहा वाजता बारीक अक्षरांकडे पाहताना डोळे काय म्हणतील, तिसऱ्या वर्षी बॅटरी थकल्यावर काय करावे लागेल, हे साक्षीदार दुकानात हजर नसतात. त्यांना समन्सच गेलेले नसते. अशा वेळी होणारा निर्णय हा एकतर्फी हुकूमनामा होय. आणि एकतर्फी हुकूमनामे पुढे रद्द करून घ्यावे लागतात, हे वकिलाला सांगायला नको.

आता या यंत्राचा थोडा इतिहास पाहू, कारण प्रश्न आजचा नव्हे. १९७२ साली ॲलन के या अमेरिकन संशोधकाने मुलांच्या हाती देता येईल अशा संगणकाची कल्पना एका निबंधात मांडली. तो वहीएवढा असावा आणि त्याचे वजन चार पौंडांच्या आत, म्हणजे पावणेदोन किलोंच्या आसपास असावे, असे त्याचे स्वप्न होते. प्रत्यक्षात १९८१ साली जो 'ऑसबोर्न १' नावाचा 'सुवाह्य' संगणक बाजारात आला, त्याचे वजन होते सुमारे अकरा किलो आणि त्याचा पडदा होता पाच इंचांचा. म्हणजे वाहणाऱ्याचा खांदा निखळावा आणि वाचणाऱ्याचे डोळे शिणावेत, अशी दोन्ही पक्षांवर अन्याय करणारी ती तडजोड होती. तरीही लोकांनी तो घेतला. कारण त्यापूर्वी संगणक उचलून नेता येतो हीच गोष्ट नवी होती.

त्यानंतरची कथा ही वगळण्याची कथा आहे. २००७ साली आसुस कंपनीचा 'ई पीसी' निघाला, त्याचे वजन किलोच्या खाली होते. पण पडदा सात इंचांचा आणि कळा इतक्या दाटीच्या, की मोठ्या माणसाची बोटे एकमेकांना अडखळत. जानेवारी २००८ मध्ये ॲपल कंपनीच्या स्टीव्ह जॉब्ज यांनी कागदी लिफाफ्यातून एक लॅपटॉप बाहेर काढून दाखविला. त्याचे वजन १.३६ किलो होते, आणि त्यासाठी तबकडी वाचण्याची सोय आणि जोडणीच्या बहुतेक खोबणी काढून टाकल्या होत्या. २०१५ साली त्याच कंपनीचे ९२० ग्रॅमचे यंत्र आले. त्यात चार्जरला आणि इतर बहुतेक जोडण्यांना मिळून एकच खोबण होती, आणि कळा इतक्या उथळ की दाबली की नाही हे बोटाला जेमतेम कळावे. ती कळांची रचना कंपनीच्या इतर लॅपटॉपांतही गेली. कळा अडकतात अशा तक्रारी झाल्या, अमेरिकेत खटला झाला आणि २०२२ साली कंपनीने, दोष मान्य न करता, पाच कोटी डॉलरांची तडजोड केली. तत्पूर्वीच, २०१९ पासून, अधिक खोल दाबल्या जाणाऱ्या जुन्या धर्तीच्या कळा तिने परत आणल्या होत्या. आणि २०२१ मध्ये मोठ्या यंत्रांतून काढून टाकलेल्या काही खोबणीही परत आल्या. बोटांनी अपील केले आणि ते मान्य झाले, असे म्हणावयास हरकत नाही.

या इतिहासात मला सर्वांत प्रामाणिक वाटतो तो आयबीएम कंपनीचा १९९५ सालचा 'थिंकपॅड ७०१'. जॉन कॅरिडिस या अभियंत्याने त्याचा कळफलक दोन तुकड्यांत केला होता. झाकण उघडले की ते तुकडे सरकून एकमेकांना जुळत आणि कळफलक यंत्राच्या दोन्ही बाजूंना बाहेर येई. झाकण मिटले की तो पुन्हा आत दुमडला जाई. यामागचा विचार साधा होता: यंत्र लहान करता येते, पण माणसाची बोटे लहान करता येत नाहीत. एका कळेच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत सुमारे एकोणीस मिलिमीटर अंतर असावे, ही बोटांची मागणी आहे, आणि तिला फॅशन ठाऊक नसते. पुढे पडदे रुंद झाले, त्यांच्याबरोबर यंत्रेही रुंद झाली आणि या युक्तीची गरज उरली नाही. ते यंत्र आता न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाच्या संग्रहात आहे. पण त्यातला न्याय मात्र जुना होत नाही. ज्या गोष्टी शरीराने ठरविल्या आहेत त्यांवर काटछाट करू नये. काटछाट करावयाची ती यंत्राने स्वतःवर करावी.

हलकेपणाचे शास्त्र तपासले तर एक गोष्ट वारंवार दिसते. ओझे नाहीसे होत नाही. ते जागा बदलते. बॅटरी लहान केली की चार्जर जवळ बाळगावा लागतो. खोबणी काढल्या की जोडणीच्या वायरी आणि ठोकळे पिशवीत येतात. पंखा काढला की यंत्र तापते आणि तापू नये म्हणून कामाचा वेग उतरविते. स्मृतीचे तुकडे मूळ फळीवरच झाळून टाकले की जाडी कमी होते. पण पुढे ती वाढविता येत नाही आणि बिघाड झाल्यास अख्खी फळी बदलावी लागते, म्हणजे ओझे चार वर्षांनंतरच्या खिशावर जाते. आणि पडदा लहान केला की ओझे डोळ्यांवर व मानेवर जाते. खांद्यावरचा भार कमी झाला हे खरे. पण तो कोणी घेतला, हे विचारण्याची आपल्याला सवय नसते.

हा नियम यंत्रांपुरता नाही. आपल्या परंपरेत हलकेपणाचा सर्वांत मोठा विजय कोणता, तर पाणिनीची सूत्रे. अफाट भाषेचे व्याकरण सुमारे चार हजार सूत्रांत त्याने बसविले. ना पोथीची गरज, ना पेटीची, सारे शास्त्र कंठात घेऊन विद्यार्थ्याने हिंडावे. सूत्रातून अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणांना हर्ष होई, अशी त्यांच्या लाघवप्रेमाची ख्याती आहे. परंतु इतके हलके केलेले सूत्र एकट्याने उलगडत नाही. त्यासाठी कात्यायनाची वार्तिके लागली, पतंजलीचे महाभाष्य लागले, आणि जन्मभर पढविणारा गुरू लागला. सूत्रांतून उतरविलेले वजन भाष्यकारांनी आणि गुरूंनी आपल्या शिरावर घेतले. मात्र त्यांनी ते राजीखुशीने आणि जाणून घेतले. तेथे लबाडी नव्हती, कारण भार घेणाऱ्याला तो भार आहे हे ठाऊक होते. नीतीचा प्रश्न उद्भवतो तो भार घेणाऱ्याला न विचारता तो त्याच्यावर टाकला जातो तेव्हा.

आता माझा हिशेब सांगतो.

काही वर्षांपूर्वी मीही असेच एक अतिशय हलके यंत्र घेतले होते. फोंड्याहून कधी मडगाव, कधी पणजी, आणि उच्च न्यायालयाचे गोवा खंडपीठ २०२१ मध्ये पर्वरीच्या नव्या इमारतीत गेल्यापासून पर्वरी, अशी माझी पायपीट असते. बसमध्ये मांडीवर पिशवी, पिशवीत ते यंत्र. जवळ आहे की नाही हे चाचपून पाहावे लागे, इतके ते हलके होते. मला त्याचा अभिमान वाटे, आणि खरे सांगायचे तर चार वकिलांत ते काढताना थोडा डौलही वाटे.

त्याच सुमारास पंचाहत्तरी उलटलेल्या एका विधवा बाईंचा भाटाच्या वहिवाटीचा दावा माझ्याकडे होता. त्यांना गुडघ्यांमुळे प्रवास होत नसे. म्हणून मी यंत्र घेऊन त्यांच्या घरी गेलो आणि ओसरीवर बसून त्यांच्या साक्षीचे प्रतिज्ञापत्र तयार केले. २००२ पासून दिवाणी दाव्यांत साक्षीदाराचा सरतपास प्रतिज्ञापत्रावर होतो; म्हणजे साक्षीदाराचे शब्द वकिलाच्या बोटांतून उतरतात, आणि उलटतपासाला मात्र साक्षीदाराला एकट्याने तोंड द्यावे लागते. माझ्यासमोर सर्व्हेचा उतारा, म्हणजे गोव्यात आपण ज्याला नमुना १ व १४ म्हणतो तो, पोर्तुगीज काळातील नोंदणीची प्रत आणि नवा मजकूर असे तीन कागद होते. पण ते तिन्ही त्याच पडद्यावर. शेजारी शेजारी मांडावेत तर अक्षर मुंगीएवढे होई. म्हणून एक मिटवून दुसरा उघडावा, आकडा लक्षात ठेवावा आणि तिसऱ्यात लिहावा, असे चालले होते. उताऱ्याच्या अंधुक प्रतीतले आकडे इंग्रजी वळणाचे. त्या वळणात तीन आणि आठ यांतला फरक डाव्या बाजूच्या उघडेपणाचा. आठाच्या जागी तीन पडले.

बाईंना मी मजकूर कोकणीत वाचून समजावून सांगितला. पडदा त्यांच्यापुढे धरला तेव्हा त्यांनी चश्मा वर केला, खाली केला आणि हसून मान हलविली. दुसऱ्या दिवशी कागद छापून आला, त्या सही करण्यास आल्या, आणि मी पुन्हा वाचून दाखवू लागलो तेव्हा म्हणाल्या, "वकीलबाब, तुमी वाचलां न्हय? पुरो." मीही ते पुरे मानले.

उलटतपासात प्रतिपक्षाच्या वकिलांनी तो आकडा वाचून दाखविला. ती जमीन शेजाऱ्याच्या नावावर. मग ती आपल्या पतीची असे शपथेवर खोटे का सांगितले, असा सवाल केला. बाईंना आकडे ठाऊक नव्हते. त्यांना विहीर ठाऊक होती, आंब्याचे झाड ठाऊक होते, बांध ठाऊक होता. त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, मी माझ्या भाटाविषयी बोलते. आकडा वकीलबाबांनी घातला. सारे न्यायालय माझ्याकडे पाहू लागले. पण त्यापूर्वी क्षणभर ते त्यांच्याकडे पाहत होते, आणि ज्या बाईने आयुष्यात कोणाची करवंटी उचलली नसेल तिच्याकडे खोटी साक्ष देणारी म्हणून पाहत होते. दुरुस्तीचा अर्ज झाला, चूक मान्य झाली, दाव्याचे नुकसान टळले. बाईंना मात्र भर पावसात आणखी दोन खेपा घालाव्या लागल्या. आणि तो क्षण दुरुस्तीच्या अर्जाने परत घेता येत नाही.

दोष यंत्राचा नव्हता, हे मी प्रारंभीच मान्य करतो. छापील उतारा पिशवीत टाकला असता, सही घेण्यापूर्वी मूळ कागदाशी आकडा ताडून पाहिला असता, तर चूक घडली नसती. पण माझ्या खांद्यावरून उतरलेले किलोभर वजन त्या दिवशी कोठे गेले, याचा विचार मी अनेक रात्री केला. ते एका वृद्ध साक्षीदाराच्या मानेवर गेले होते, आणि तिला विचारून गेलेले नव्हते.

येथे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे, नाही तर माझाच निकाल एकतर्फी ठरेल. ते असे, की यंत्र हलके नसते तर मी त्या ओसरीवर गेलोच नसतो. जड यंत्र वकिलाला कचेरीत बसवून ठेवते आणि गुडघे दुखणाऱ्या पक्षकाराला जिना चढायला लावते. घरी राहिलेले उत्तम साधन हे जवळ असलेल्या मध्यम साधनापेक्षा केव्हाही कमी कामाचे. शिवाय खांदे सर्वांचे सारखे नसतात. ज्याच्यामागे कारकून पिशवी घेऊन चालतो त्याने जडपणाचे गुण गावेत यात नवल नाही. पण जी मुलगी उभ्याने बसप्रवास करून, दावाबंडले आणि डबा सांभाळून न्यायालयाचे जिने चढते, तिला दोन किलो आणि चार्जर हा रोजचा दंड आहे. म्हणून हलकेपणाची इच्छा ही केवळ डौलाची इच्छा असे म्हणणे अन्यायाचे होईल. जो हलका असतो तो दुसऱ्याकडे जाऊ शकतो. जो जड असतो त्याच्याकडे दुसऱ्याला यावे लागते. हा हलकेपणाच्या बाजूचा सर्वांत मोठा युक्तिवाद आहे, आणि मला तो पूर्ण मान्य आहे.

मग निर्णय कसा करावा? मला असे वाटते की येथे तीन प्रश्न क्रमाने विचारावेत. पहिला, तासांचा: दिवसातून यंत्र वाहण्यात किती वेळ जातो आणि वापरण्यात किती? अर्धा तास वाहून आठ तास लिहिणाऱ्याने बोटांची बाजू घ्यावी. दिवसभर हिंडून तासभर नोंदी करणाऱ्याने खांद्याची. दुसरा, खऱ्या वजनाचा: जाहिरातीतला आकडा हा सरतपास आहे, त्याचा उलटतपास घ्यावा. चार्जर, वायरी, जोडठोकळे सारे तराजूत घातल्यावर किती भरते? आमच्याकडे पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. तेव्हा बॅटरी किती तास टिकते हा प्रश्नही वजनाचाच भाग समजावा. दुकानात यंत्र तळहातावर तोलण्याऐवजी त्यावर पानभर मजकूर लिहून पाहावा. तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि तोच सहसा विचारला जात नाही: या पडद्यावरचे आणखी कोणाला वाचावे लागणार आहे?

कारण साधन माझे असले तरी त्याचा वापर माझ्या एकट्याचा क्वचितच असतो. देवस्थानच्या वार्षिक सभेचे उदाहरण घ्या. खजिनदार तरुण आणि तत्पर. वर्षाचा जमाखर्च लॅपटॉपवर. पडदा महाजनांकडे वळवून तो आकडे दाखवितो; पुढच्या रांगेतले दोघे वाकून पाहतात, मागचे वृद्ध मान डोलावतात आणि हिशेब मंजूर होतो. कोणी कोणाला फसविले नाही. पण मंजुरी या शब्दाचा अर्थ तेथे किंचित पातळ झाला, कारण ज्यांनी मंजुरी दिली त्यांनी वाचले नव्हते. मोठ्या अक्षरांत छापलेले दोन कागद सर्वांच्या हाती दिले असते तर यंत्र कितीही लहान असते तरी चालले असते.

आपल्या पूर्वजांची पोथी पाहा. सुटी पाने, वरखाली लाकडी फळ्या, भोवती रुमाल. काखेत मारून चालू लागावे. पण वाचताना कोणी ती मांडीवर धरून मान मोडून घेत नसे. घडीचे लाकडी व्यासपीठ मांडून त्यावर ती ठेवीत. वाहण्याचा आकार वेगळा आणि वापरण्याचा वेगळा, हे त्यांनी ओळखले होते. लॅपटॉपमध्ये पडदा आणि कळफलक एकमेकांना जखडलेले. हात सुखात असले तर मान वाकते, मान सरळ ठेवावी तर हात अवघडतात. यावर उपाय तोच जुना: बैठकीच्या जागी व्यासपीठ असावे. हलके यंत्र घेणाऱ्याने घरी वेगळा कळफलक आणि मोठा पडदा ठेवावा, आणि तो खर्च त्या यंत्राच्या किमतीतच धरावा.

चार दिवसांनी भाचीला हे सारे सांगितले. ओसरीवरची हकीकतही सांगितली. ती प्रथमच कोणाला तरी सांगत होतो. तिने मुकाट्याने ऐकून घेतले. मग म्हणाली, "मामा, मी हलकेच घेते. मला लोकांच्या घरी जायचे आहे." आणि जरा थांबून म्हणाली, "पण उतारे छापून नेईन."

तिची निवड मला मान्य आहे. ज्याला हलके व्हायचे आहे त्याने अवश्य व्हावे. मात्र उतरविलेले ओझे कोठे ठेवले याची नोंद आपल्यापाशी असावी, आणि ते दुसऱ्याच्या खांद्यावर गेल्याचे दिसले तर परत घ्यायला आपण तयार असावे. माझ्या पिशवीत अजूनही हलकेच यंत्र आहे. त्याच्याबरोबर आता ठळक अक्षरांत छापलेले कागद असतात, पक्षकारासाठी वाचनाचा एक जादा चश्मा असतो, आणि त्यामुळे पिशवी पूर्वीपेक्षा बरीच जड झाली आहे. जिना चढताना ती खांद्याला जाणवते. तिने तसे जाणवावे, अशीच माझी इच्छा आहे.